लांब पल्ल्याची रात्रीची फ्लाइट: बिझनेस क्लासमध्ये नेमकी कुठली सीट घ्यावी?

पेंगुळलेला

चौदा तासांची फ्लाइट आहे, रात्री निघणारी. बिझनेस क्लासचं तिकीट झालंय, सीट निवडायची बाकी आहे. विमानाचा प्रकार ७७डब्ल्यू असा दिसतो. सीट मॅपवर १-२-१ मांडणी आहे (खिडकीकडे एक, मध्ये दोन, पलीकडच्या खिडकीकडे एक), पण एका रांगेत चौकोन खिडकीला चिकटलेला आणि पुढच्या रांगेत जरा आत सरकलेला, असं आलटून पालटून. मधल्या जोड्याही कुठे जवळ, कुठे लांब.

माझी उंची ६ फूट २ इंच. झोप कुशीवरच लागते आणि खुट्ट झालं तरी मोडते. सोबत बायको आहे, तिला विमान हललं की मळमळतं. पहिली रांग घ्यावी की मधली? खिडकीकडच्या दोन सुट्या सीट की मधली जोडी? १-२-१ असली की सगळ्या सीट सारख्याच असं वाचलं होतं, पण मॅप बघून ते पटत नाही.

पुष्पक

नाहीच पटायचं. १-२-१ म्हणजे एवढंच की प्रत्येकाला थेट आइलमध्ये, म्हणजे सीटमधल्या वाटेत, उतरता येतं, शेजाऱ्याला ओलांडावं लागत नाही. त्या चौकटीत निदान तीन मांडण्या बसतात आणि सीट निवडण्याचा हिशेब तिन्हींत वेगळा.

हेरिंगबोन म्हणजे माशाच्या काट्यासारखी तिरकी मांडणी. डोकं खिडकीकडे, पाय आइलकडे. खिडकी पाठीमागे पडते, बाहेर बघायला मान मुरगाळावी लागते आणि पाय रहदारीच्या बाजूला येतात. व्हर्जिन अटलांटिकने २००३ मध्ये आणलेली सीट या प्रकारातली. आता ही मांडणी कमी दिसते.

उलट्या हेरिंगबोनमध्ये दिशा फिरवलेली असते. पाय खिडकीकडे, तोंड खिडकीकडे, खांदा आइलच्या बाजूला पण उंच कवचाच्या आड. कॅथे पॅसिफिकच्या ७७७ वरच्या सीट आणि ब्रिटिश एअरवेजने २०१९ मध्ये सुरू केलेला क्लब स्वीट या घराण्यातले. 'सगळ्या सीट सारख्याच' हे इथे बऱ्यापैकी खरं आहे. रांग निवडायची ती फक्त गॅली (विमानातलं स्वयंपाकघर) आणि टॉयलेट टाळण्यासाठी.

तुम्ही वर्णन केलंय ती तिसरी, स्टॅगर्ड. यात प्रत्येक सीटच्या एका अंगाला टेबलासारखा रुंद कन्सोल असतो आणि मागच्या प्रवाशाचे पाय त्या कन्सोलखालच्या कप्प्यात जातात. कन्सोल एका रांगेत आइलच्या बाजूला, तर पुढच्या रांगेत खिडकीच्या बाजूला. म्हणून खिडकीकडच्या सीट दोन जातींच्या होतात. कन्सोल आइलकडे असेल तर तुम्ही खिडकीच्या भिंतीला लागून, जाणाऱ्या-येणाऱ्यांपासून हातभर आत. कन्सोल खिडकीकडे असेल तर तुमचा खांदा आइलवर. ट्रॉली जाताना कोपर आत घ्यायचं, आणि अंधारात चालणारा माणूस आधाराला तुमच्याच सीटची पाठ धरणार. मॅपवर दोन्हींना 'विंडो' म्हटलेलं असतं आणि पैसेही तेच, तरी रात्रीच्या फ्लाइटला यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. झोप हलकी असेल तर दुसरी जात घेऊच नका.

मधल्या जोडीतही तेच. कन्सोल दोन्ही बाहेरच्या अंगांना असतील तर सीट एकमेकींना खेटून, मध्ये असतील तर दोघांमध्ये दोन टेबलांचं अंतर. काही कंपन्यांच्या सीटच्या अक्षरावरूनच हे कळतं. एमिरेट्सच्या ए३८० मध्ये ए आणि के खिडकीलगत, बी आणि जे आइललगत. मध्ये ई-एफ जवळ, डी-जी लांब. बाकी कंपन्यांत अक्षरं सगळ्या रांगांना तीच असतात आणि सम-विषम रांगेवरून जात ठरते. कुठल्या विमानात सम चांगल्या आणि कुठे विषम, याला सार्वत्रिक नियम नाही, मॅपच बघावा लागतो.

आता पाय. कप्पा पुढच्या कन्सोलखाली असल्यामुळे त्याची रुंदी आणि उंची तो कन्सोल ठरवतो. पहिल्या रांगेपुढे सीटच नसते, भिंत असते. तिथे अरुंद कप्प्याऐवजी उघडं, रुंद बाकडं बसवता येतं. स्टॅगर्डमध्ये उंच माणसाला बल्कहेड, म्हणजे ही भिंतीसमोरची पहिली रांग, घे म्हणतात ते यासाठी. सिंगापूर एअरलाइन्सच्या ७७७-३००ईआर आणि लांब पल्ल्याच्या ए३५० वर हा फरक डोळ्यांत भरतो. मधल्या रांगांत पाय कोपऱ्यातल्या लहानशा खोबणीत तिरके घालावे लागतात, बल्कहेडला जवळजवळ सीटच्या रुंदीचं बाकडं मिळतं.

तुमच्या उंचीला, स्टॅगर्ड असेल तर: पहिली पसंती बल्कहेडची, त्यातही खिडकीच्या भिंतीलगतच्या जातीची. बल्कहेड नेमकी आइललगतच्या जातीची निघाली तर मात्र विचार करा.

गॅलीपासून_दूर

पुष्पक यांचा प्रतिसाद नेटका आहे, पण बल्कहेडचा खर्च त्यांनी लिहिला नाही.

भिंतीच्या पलीकडे काय आहे ते आधी बघा. नुसती भिंत फारच क्वचित असते. बहुतेक वेळा गॅली किंवा टॉयलेट. गॅलीत बोलणं हा त्रासाचा लहान भाग. झोप मोडते ती धातूच्या आवाजांनी: ट्रॉलीचे ब्रेक, कप्प्यांच्या खिट्ट्या, ओव्हनची दारं. आणि पडद्याच्या फटीतून येणारी उजेडाची पट्टी, जी क्रू ये-जा करताना दर थोड्या वेळाने तुमच्या तोंडावर पडते. चौदा तासांच्या फ्लाइटमध्ये दुसऱ्या जेवणाची तयारी उतरण्याच्या बऱ्याच आधी सुरू होते, म्हणजे पहिल्या रांगेची झोप इतरांपेक्षा लवकर संपते. टॉयलेटच्या शेजारी फ्लशचा दणका आणि दार उघडताना लख्ख दिवा.

दुसरं, बाळाचा पाळणा. बॅसिनेट भिंतीला अडकवायचं असल्यामुळे त्याच्या जागा बहुधा बल्कहेडलाच असतात, त्यातही मधल्या सीटवर जास्त. मॅपवर बाळाचं चिन्ह असतं. ते चिन्ह तुमच्या सीटवर किंवा लगेच शेजारी असेल तर बाळ येणारच असं नाही, पण आलंच तर तिथेच येणार.

तिसरं, पहिल्या रांगेपुढे सीट नसल्याने पायाशी बॅग ठेवायला जागा नसते. उड्डाण आणि उतरताना सगळं वरच्या कप्प्यात. बऱ्याच कंपन्यांनी मधल्या सीटवरचे वरचे कप्पे छत उंच दिसावं म्हणून काढून टाकलेत, तिथे मधल्या जोडीने बाजूचे कप्पे वापरायचे. उशिरा चढलात तर बॅग चार रांगा मागे जाते.

तुमच्या ७७डब्ल्यूमध्ये, म्हणजे बोइंग ७७७ मध्ये, बिझनेसचे बहुधा दोन भाग असतात, दुसऱ्या दरवाजाच्या पुढे आणि मागे. मागचा भाग लहान असेल, दोन-चार रांगांचा, तर माणसं कमी आणि क्रूची ये-जाही कमी, म्हणून बरेच जण तो शोधून घेतात. पण त्याची पहिली रांग गॅलीला टेकलेली आणि शेवटची रांग मागच्या वर्गाच्या पडद्याला. दोन रांगांच्याच भागात मधली रांग राहतेच कुठे! मोठ्या भागात दोन्ही टोकांपासून निदान दोन रांगा सोडून बसा. माझ्या मते हलकी झोप असणाऱ्याने बल्कहेडच्या नादी लागू नये.

इंजिनाच्या आवाजाची काळजी करू नका. बिझनेस क्लास बहुधा पंखाच्या पुढे असतो, तिथे तो मागच्यापेक्षा बराच कमी. इंजिनाच्या किंचित पुढे असलेल्या रांगांना उड्डाणानंतर करवतीसारखा घरघराट ऐकू येतो, तो पंख्याच्या पात्यांची टोकं ध्वनीपेक्षा वेगाने फिरतात त्याचा. वर चढताना जोर कमी केला की थांबतो. ए३८०, ए३५० आणि ७८७ इतकी शांत आहेत की तिथे उलट माणसांचे आणि भांड्यांचे आवाज जास्त जाणवतात.

पेंगुळलेला

दोघांचेही आभार. आता नवीन गोंधळ. त्याच फ्लाइट नंबरची दुसऱ्या तारखेची सीट उघडून पाहिली तर मॅप वेगळाच, २-२-२ दिसतोय. प्रकार तिथेही ७७डब्ल्यू. असं कसं? आणि मॅपवर पहिली रांग पूर्ण भरलेली दिसते, तिकिटं नुकतीच सुटलेली असूनही.

शेपटीचा_नंबर

७७डब्ल्यू म्हणजे फक्त ७७७-३००ईआर, आतली मांडणी त्यातून कळत नाही. ३५९ म्हणजे ए३५०-९००, ३५१ म्हणजे ए३५०-१०००, ७८९ म्हणजे ७८७-९, ३८८ म्हणजे ए३८०, यांचंही तेच. एकाच कंपनीच्या एकाच प्रकारच्या विमानांत दोन-तीन पिढ्यांच्या सीट एकाच वेळी उडत असतात. कतार एअरवेजच्या ७७७ पैकी काहींत २०१७ मध्ये आलेला क्यूस्वीट (दार असलेली १-२-१ सीट) आहे, काहींत जुनी २-२-२. एमिरेट्सच्या ७७७ मध्ये वर्षानुवर्षं २-३-२ होती, २०२४ पासून नव्याने सजवलेल्या विमानांत १-२-१ यायला लागली. दोन्ही मॅपवर ७७डब्ल्यूच.

म्हणून आधी विमान ओळखा, मग सीट. पद्धत अशी:

कंपनीच्या मॅपवर बिझनेसच्या रांगा कितव्या नंबरला सुरू होतात, कितव्याला संपतात, अक्षरं कुठली आणि दरवाजे कुठे, एवढं टिपून घ्या. मग एरोलोपा या सीट मॅपच्या साइटवर त्या कंपनीच्या त्या प्रकाराच्या सगळ्या आवृत्त्या उघडा आणि जुळवा. तिथली चित्रं प्रमाणात काढलेली असतात. कन्सोल कुठल्या बाजूला, खिडक्या सीटच्या नेमक्या कुठे, गॅली किती खोल, हे दिसतं. कंपनीच्या स्वतःच्या मॅपवर सगळेच चौकोन एकसारखे, त्यावरून खिडकी आहे की नुसती भिंत हे कळत नाही. आणि 'विंडो' सीटला खिडकी नसणं हा प्रकार बिझनेसमध्येही आहे. हिरव्या-पिवळ्या-लाल रंगांच्या जुन्या सीट मॅप साइटवर विसंबू नका, त्यांची माहिती शिळी असते.

नंतर विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ वर तुमच्या फ्लाइट नंबरचा गेल्या आठवड्याचा इतिहास बघा. रोज कुठल्या रजिस्ट्रेशनचं (विमानाच्या नोंदणी क्रमांकाचं) विमान गेलं ते मिळतं. सातही दिवस एकाच आवृत्तीची विमानं गेली असतील तर बऱ्यापैकी निश्चिंत राहा. मिसळ असेल तर बदलाची तयारी ठेवा.

विमान बदललं की सीटचं वाटप यंत्र पुन्हा करतं, आणि ते तुमची आवड विचारत नाही. १-२-१ वरून २-२-२ झालं तर जोडी फुटू शकते, स्टॅगर्डची आवृत्ती बदलली तर तोच नंबर भिंतीलगतऐवजी आइललगतचा होऊ शकतो. नंबर तोच राहिल्यामुळे लक्षातही येत नाही. तिकीट घेतल्यावर, मग दोन-तीन आठवड्यांनी एकदा, मग ७२ तास आधी आणि चेक-इन उघडल्यावर मॅप पुन्हा उघडा आणि रांगांची रचना तीच आहे का बघा.

पहिली रांग भरलेली दिसण्याचं कारण बहुधा प्रवासी नाहीत. कंपनी त्या सीट अडवून ठेवते. बाळांसाठी, मदत लागणाऱ्या प्रवाशांसाठी, वरच्या दर्जाच्या सभासदांसाठी, कधी क्रूच्या विश्रांतीसाठी. चेक-इन उघडताना त्यातल्या काही सुटतात. तोपर्यंत दुसऱ्या क्रमांकाची सीट घेऊन ठेवा, रिकामं राहू नका. एक्स्पर्टफ्लायर या साइटवर ठरावीक सीट मोकळी झाली की इशारा लावता येतो. फोन करून विचारलं तर एजंट कधीकधी अडवलेली सीट सोडतो, विशेषतः उंचीचं किंवा तब्येतीचं कारण असेल तर. 'पहिली रांग द्या' असं मोघम बोलू नका, सीटचा नंबर सांगा.

पैशांचंही तपासा. बिझनेसच्या तिकिटात सीट निवडणं धरलेलंच असतं असं नाही. ब्रिटिश एअरवेज शेवटचे २४ तास सोडून बहुतेकांकडून त्याचे पैसे घेते. स्विसमध्ये दोन्ही बाजूंना कन्सोल असलेल्या एकट्या सीटला, ज्याला सगळे थ्रोन सीट म्हणतात, वेगळा दर आहे. लुफ्तान्साच्या २०२४ मध्ये आलेल्या अलेग्रिस या नव्या केबिनमध्ये तर बिझनेसच्याच अनेक जाती केल्यात आणि चांगल्या जातींना जादा पैसे. थ्रोन एकट्याला उत्तम. जागा ऐसपैस, पण पायाचा कप्पा तिथेही अरुंदच असतो, हे पैसे भरताना आठवत नाही.

वामकुक्षी

वरच्या वादात माझं मत पुष्पक यांच्या बाजूने. आवाजाला इअरप्लग आहेत, उजेडाला डोळ्यांची पट्टी आहे. अरुंद कप्प्यावर इलाज नाही, तो चौदा तास तसाच राहतो.

कुशीवर झोपणाऱ्यांनी पलंगाची लांबी बघून फसू नये. बहुतेक लाय-फ्लॅट (पूर्ण सपाट होणाऱ्या) सीट ७६ ते ८० इंचांच्या असतात आणि तुम्ही ७४ इंच आहात, म्हणजे कागदावर बसता. पण हे माप डोक्याच्या टोकापासून कप्प्याच्या आतल्या भिंतीपर्यंत, बऱ्याचदा तिरकं घेतलेलं असतं. वर उशीचे काही इंच गेले, खाली पावलं ताणली की अजून गेले. ७८ च्या खाली असेल तर पाय दुमडूनच झोपावं लागेल.

पाठीवर झोपणाऱ्याची पावलं उभी राहतात, त्याला कप्प्याची उंची लागते. कुशीवर झोपणाऱ्याची पावलं आडवी पडतात, त्याला रुंदी लागते. मोठ्या माणसाचं पाऊल २८-३० सेंटिमीटर, शिवाय दोन्ही पावलं नेमकी एकावर एक राहत नाहीत. कप्पा तोंडाशी रुंद आणि आत निमुळता असेल तर आकड्यांत तो चांगला दिसतो आणि रात्री अंगठे भिंतीला लागतात. त्याहून महत्त्वाचे गुडघे. कुशीवर गुडघे वाकले की ते पलंगाच्या कडेबाहेर जातात. कन्सोलची कड गुडघ्यांच्या उंचीवर सुरू होत असेल तर एका कुशीवर झोप लागेल, दुसऱ्या कुशीवर नाही. सीटची परीक्षणं बघताना फोटोतल्या उशीकडे कमी आणि गुडघ्यांच्या जागेकडे जास्त बघा.

याबाबतीत उलटी हेरिंगबोन स्टॅगर्डपेक्षा बरी. तिचा आइलकडचा आर्मरेस्ट खाली दाबता येतो आणि तो पलंगाच्या पातळीला आला की खांदा आणि कंबर दोन्हींना रुंदी मिळते. बरेच जण तो तसाच वर ठेवून झोपतात आणि सीट अरुंद आहे म्हणून कुरकुरतात! बटण किंवा खटका बहुधा आर्मरेस्टच्या पुढच्या टोकाशी किंवा खालच्या बाजूला असतो. उड्डाण-उतरताना तो पुन्हा वर.

आणखी एक गोष्ट, जी सीट मॅपवर येत नाही. विमान पुढे जाताना नाक साधारण २ ते ३ अंश वर ठेवून उडतं. पलंग फरशीला समांतर असेल तर पुढे तोंड असलेल्या प्रवाशाचे पाय डोक्यापेक्षा सात ते दहा सेंटिमीटर वर जातात. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांना हे जाणवतं. उपाय: पूर्ण सपाट झाल्यावर पाठ एक-दोन इंच परत वर घ्या, किंवा जादा उशी मागून ती मानेखाली न घेता खांद्याखाली घ्या. मागे तोंड असलेल्या सीटमध्ये हेच उलटं होतं, डोकं आपोआप वर राहतं.

गादीचं पांघरूण मिळत असेल तर सीट अर्धी आडवी असतानाच घालून घ्या. सपाट सीटवर मागून घालताना ते कप्प्याशी गोळा होतं. पट्टा ब्लँकेटच्या वरून बांधा. विमान हललं की क्रू पट्टे तपासायला फिरते, दिसला नाही तर तुम्हाला उठवणं त्यांना भागच आहे.

नभांगण

दोन मुद्दे राहिलेत, दार आणि मळमळ.

काही नव्या बिझनेस सीटना सरकतं दार असतं. त्या दारासाठी विमान बदलू नका. सीटचं दार छतापर्यंत नसतं, खांद्याएवढं असतं. नजरेचा आडोसा मिळतो, आवाज अडत नाही. उड्डाण आणि उतरताना ते उघडं अडकवून ठेवावं लागतं. दाराच्या यंत्रणेसाठी जागा लागते आणि ती कुठूनतरी कापलेली असते, बऱ्याचदा आइलकडच्या कोपराच्या बाजूने. शिवाय दार लावलं की हवा कोंडते. कितीतरी नव्या मोठ्या विमानांत डोक्यावरची फिरवायची हवेची तोटी दिलेलीच नाही, त्यामुळे गरम होणाऱ्याला दार बंद करून झोपता येत नाही. तोटी आहे का हे परीक्षणांच्या फोटोंत दिसतं. दोन विमानांत खरंच निवड असेल तर दारापेक्षा हे बघा: ७८७ आणि ए३५० मध्ये केबिनमधला दाब ६,००० फुटांच्या उंचीएवढा ठेवतात, जुन्या विमानांत तो ८,००० पर्यंत जातो. मात्र ७८७ च्या खिडक्यांना ओढायचा पडदा नसतो, काच विजेवर गडद होते. समोर सूर्य आला तर ती पूर्ण काळोख करत नाही.

त्यावरून, खिडकीची बाजू. उत्तर गोलार्धात सकाळच्या वेळी पूर्वेकडे जाताना ऊन समोरून आणि उजवीकडून येतं. दिवसा पश्चिमेकडे जाताना डावीकडून. पहाटेची झोप हवी असेल तर पूर्वेच्या प्रवासात डावी बाजू. ध्रुवाजवळून जाणाऱ्या मार्गांना हे लागू नाही.

मळमळीसाठी: विमान सगळ्यात कमी हलतं ते पंखांजवळ, कारण डोलण्याचा मध्य तिथे असतो. नाकाकडे आणि शेपटीकडे हेलकावा वाढतो, शेपटीकडे सगळ्यात जास्त. बिझनेसमध्ये पंखाला जवळ म्हणजे मागच्या रांगा. तेव्हा पहिली रांग वहिनींसाठी अजिबात नको. बाहेरचं क्षितिज दिसलं तर दिवसा फायदा होतो, रात्री काही उपयोग नाही.

मागे तोंड असलेल्या सीट नीट ओळखा. क्यूस्वीटमध्ये एकाआड एक पुढे आणि मागे तोंड असतं, एतिहादच्या ७८७ मध्येही, आणि एएनएने २०१९ मध्ये आणलेल्या 'द रूम'मध्येही. क्यूस्वीटमध्ये भिंतीलगतच्या ए आणि के नेमक्या मागे तोंड असलेल्या. एकदा विमान वर स्थिर झालं की बहुतेकांना फरक जाणवत नाही, पण चढताना शरीर पट्ट्यावर पुढे कलतं आणि मळमळणाऱ्याला तेवढं पुरतं. तिथे वहिनींसाठी बी किंवा जे.

जोडीचं: खेटून असलेल्या मधल्या सीट ऐकायला छान, पण त्यांतला मधला पडदा सरकवता येतो का आणि कुठपर्यंत, ते बघून घ्या. काहींत तो फक्त तोंडापुरता खाली जातो. तुमच्या गरजा इतक्या वेगळ्या आहेत की मी जोडीचा आग्रह धरणार नाही. तुम्ही भिंतीलगतच्या बल्कहेडला, वहिनी मागच्या रांगेत पंखाजवळ. रात्रभर झोपायचंच आहे.

अनोळखी कंपनीची सीट असेल तर तिची पाठ झुकते का हेही विचारा. फिनएअरने २०२२ मध्ये आणलेल्या सीटची पाठ मागे जातच नाही. वळणदार कवचात बसायचं, आणि झोपताना फळ्या वर उचलून सपाट जागा करायची. कुशीवर झोपणाऱ्यांना ती आवडते, कारण जागा रुंद आहे. अर्धं रेलून सिनेमा बघणाऱ्यांना नाही. सिंगापूरच्या वर उल्लेख झालेल्या सीटमध्येही झोपायला उठून पाठ पुढे उलटवावी लागते. रात्री बटण दाबून हळूहळू आडवं होणं तिथे नाही.

पेंगुळलेला

भरपूर मिळालं. रजिस्ट्रेशन तपासले, सातपैकी सहा दिवस १-२-१ चीच आवृत्ती गेली आहे. दुसऱ्या भागाची पहिली रांग अडवलेली आहे, तोपर्यंत मधल्या रांगेतली खिडकीच्या भिंतीलगतची सीट घेऊन ठेवतो. विमानात चढल्यावर काही तपासायचं असतं का?

शेपटीचा_नंबर

हो, आणि दरवाजे बंद व्हायच्या आत. बॅग ठेवली की सीट एकदा पूर्ण सपाट करून परत सरळ करा, वाटेत अडकते का बघा. आर्मरेस्ट, ट्रे, वाचायचा दिवा, चार्जिंगचं सॉकेट, हेडफोनची पिन. पाच मिनिटांचं काम. बिघाड निघाला तर क्रू जमिनीवर असताना सीटची वीज बंद-चालू करून यंत्रणा नव्याने सुरू करू शकते आणि रिकामी सीट कुठली हे तेव्हाच कळतं. उडाल्यावर पर्याय उरतात दोन. पुन्हा तोच रीसेट, किंवा बऱ्याच सीटना असलेला हाताने सोडवायचा खटका, ज्याने सीट सपाट करता येते पण मधल्या स्थितीत थांबवता येईलच असं नाही. तो खटका क्रूलाच वापरू द्या. तक्रार करायची असेल तर सीट नंबर, वेळ आणि बिघाडाचा फोटो तिथेच घ्या, आणि क्रूला केबिनच्या नोंदवहीत नोंद करायला सांगा.

पुष्पक

पट्ट्याचंही. तिरक्या सीटना जाड पट्टा असतो, त्यात एअरबॅग असते, किंवा उड्डाणापुरता खांद्यावरून जाणारा वेगळा पट्टा. एअरबॅगच्या पट्ट्याला लांबी वाढवणारी नेहमीची जोडपट्टी चालत नाही, त्याची वेगळी असते. ज्यांना लांबी कमी पडते त्यांनी चढतानाच मागावी. मांडीवर बाळ घेऊन बसायलाही अशा काही सीटवर परवानगी नसते, तिकीट काढतानाच विचारून ठेवलेलं बरं.

वामकुक्षी

आणि फोन. झोपताना तो गादीवर किंवा कन्सोलच्या कडेला ठेवू नका, दाराच्या किंवा झाकणाच्या कप्प्यात ठेवा. लाय-फ्लॅट सीटच्या फटीत फोन हमखास घसरतो. घसरलाच तर सीट अजिबात हलवू नका, वर नाही, खाली नाही, शोधण्यासाठी तर नाहीच. सरकणाऱ्या भागांत चिरडला की बॅटरी पेट घेऊ शकते. आहे त्या स्थितीत बाजूला व्हा आणि क्रूला बोलवा, ते काढून देतात.